मंगळ चंद्राएवढा दिसणार? हा प्रश्न घेऊन व्याख्यानाला जा!

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी त्याचं हे लिखित रूप. आजचा विषय आहे विद्यापीठात तुमच्या-आमच्यासाठी होणारी खगोलशास्त्राची व्याख्यानं. मी बीटेक झालेली सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर कोड लिहिते, खगोलशास्त्राची पदवी नाही. तरी मी अशा व्याख्यानांना जाते. का, ते सांगते.

एक फॉरवर्ड घेऊ

"येत्या २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार." फॅमिली ग्रुपवर आलाय ना कधी? याचं मूळ खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता.

आता हिशोब करू. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळपास दुप्पट. पण चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे त्या दिवशीसुद्धा मंगळ चंद्राच्या १४५ पट लांब होता. आकार दुप्पट, अंतर १४५ पट. मग तो चंद्राच्या साधारण सत्तराव्या-पंचाहत्तराव्या भागाएवढाच दिसणार. साध्या डोळ्यांना एक तेजस्वी ठिपका, बस्स.

मूळ मेसेजमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. अगदी बरोबर! फॉरवर्ड होता होता दुर्बीण गळाली, वर्षही गळालं, आणि चंद्र तेवढा राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रिंग ट्रंकेट झाली.

हा सगळा हिशोब गुणाकार-भागाकाराचा आहे, दहावीपर्यंतचं गणित पुरतं. चांगला वक्ता हेच करतो. "हे खोटं आहे" एवढं सांगून थांबत नाही, खोटं कसं ओळखायचं ते हातात देतो. पुढचा फॉरवर्ड आला की तुम्ही स्वतःच आकडे मांडता.

पण व्हिडिओ आहेत की!

आहेत, आणि छान आहेत. पण व्हिडिओला तुमची अडचण कळत नाही. व्याख्यानात शेवटची प्रश्नोत्तरं असतात. तिथे समोरचा माणूस विचारतो, "तुम्हाला नक्की कुठे अडलंय?" आणि मागच्या रांगेतल्या आजोबांचा प्रश्न कधी कधी आपलाच निघतो.

पुण्यात याचं उत्तम उदाहरण म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली आयुका. १९८८ साली ती सुरू झाली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम, ही तिथली ओळख. मुलांनी सही मागितली की नारळीकर सांगायचे: पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. म्हणजे सहीची किंमत काय, तर एक प्रश्न!

जायचं असेल तर

कार्यक्रमाची तारीख, भाषा आणि नोंदणी लागते का, हे संस्थेच्या वेबसाइटवर बघा. विषयाबद्दल दहा मिनिटं वाचून जा. जे कळलं नाही ते फोनच्या नोट्समध्ये टाका. आणि प्रश्न मराठीत विचारा. "कृष्णविवरात पडलं तर काय होतं?" हा प्रश्न इंग्रजीत विचारल्याने जास्त हुशार होत नाही. इंग्रजीच्या भीतीने हात खाली राहिला, तर शंका तशीच घरी येते आणि फॉरवर्डला आयतं गिऱ्हाईक मिळतं.

तुमच्या ग्रुपवर आलेला आकाशाबद्दलचा एखादा संशयास्पद मेसेज मला व्हॉइस नोटने सांगा. पुढच्या भागात त्याचा हिशोब मांडू. तोवर, भेटू!