जिल्हा बदलला, तर किती ठिकाणी खोडाल?

जव्हारजवळचं शिरपामाळ ऐकून माहीत असेलच. १६६४च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्हाला अशा ठिकाणांची यादी 'सी'मध्ये करायचीय. शिरपामाळ, जयविलास पॅलेस, दाभोसा धबधबा... प्रत्येकाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा.

सगळं एकाच स्ट्रक्चरमध्ये कोंबता येतं. पण गाव, तालुका, जिल्हा मिळून एक 'पत्ता' होतो ना? मग त्याचं वेगळं स्ट्रक्चर करा आणि ते 'ठिकाण' या मोठ्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवा. डब्यात डबा! हेच नेस्टेड स्ट्रक्चर. आतल्या डब्यापर्यंत पोचायला दोन डॉट लागतात: ठिकाण.पत्ता.जिल्हा. आतलं स्ट्रक्चर आधी लिहायचं, बाहेरचं नंतर. नाहीतर कंपायलर अडून बसतो.

इथवर व्हायवात सगळेच सांगतात. खरी गंमत पुढे आहे.

१ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि जव्हार, मोखाड्यासह आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. तुमची यादी त्याआधीची असती तर? नेस्टिंग केलंय, एकदा बदललं की झालं, असं वाटेल. पण तसं नाही! 'सी' आतलं स्ट्रक्चर प्रत्येक रेकॉर्डमध्ये वेगळं साठवतं. ५० ठिकाणं असतील, तर 'ठाणे' ५० वेळा. त्यातलं एक बदलायचं राहिलं, तर पालघर शोधणाऱ्याला ते ठिकाण सापडणारच नाही.

मग काय करायचं? 'जव्हार तालुका' हे स्ट्रक्चर एकदाच बनवा, जिल्हा त्यातच ठेवा आणि प्रत्येक ठिकाणात त्याचा फक्त पॉइंटर ठेवा. आता दुसऱ्या डॉटऐवजी ॲरो: ठिकाण.तालुका->जिल्हा. एकदा बदला, जव्हारची सगळी ठिकाणं पालघरमध्ये! पॉइंटर थेट 'ठाणे' जिल्ह्याचा ठेवून त्याचं नाव बदललं असतं, तर बिचारं कल्याणही पालघरला गेलं असतं.

थोडक्यात, जे त्या ठिकाणाचं स्वतःचं, उदाहरणार्थ अक्षांश-रेखांश, ते पोटात ठेवा. जे अनेकांचं सामायिक, त्याच्याकडे फक्त बोट दाखवा. प्रोजेक्टचा पहिला स्ट्रक्चर टाइप करण्याआधी एवढं कागदावर मांडून बघा. पुढे कितीही जिल्हे झाले, तरी रात्री जागाव्या लागणार नाहीत!