विंधन दूरमापन

विंधन दूरमापन म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडले जात असताना, किंवा ते पाडून झाल्यावर, छिद्रातील भौतिक राशी मोजून त्यांची माहिती पृष्ठभागापर्यंत पोचवण्याचे तंत्रज्ञान होय. छिद्राची दिशा व कल, खडकाचे गुणधर्म, तापमान, दाब आणि खडकातील ताण या त्यांतील प्रमुख राशी आहेत. हे तंत्रज्ञान मुख्यतः खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या विहिरींसाठी विकसित झाले. पुढे भूऔष्णिक विहिरी, खाणकाम, भूजल आणि भूकंपशास्त्र या क्षेत्रांतही त्याचा वापर सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोयना-वारणा भूकंपप्रवण परिसरात झालेले वैज्ञानिक खोल विंधन हे या विद्याशाखेचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

स्वरूप

काही किलोमीटर खोल छिद्राचा व्यास तळाशी साधारण वीतभर असतो. तेथे माणूस पोचू शकत नाही आणि विंधन चालू असताना बिटाच्या टोकाशी काय घडते आहे ते वरून दिसत नाही. त्यामुळे अशा छिद्राविषयीचे सर्व ज्ञान चार मार्गांनीच मिळते : वर येणारा खडकाचा चुरा व वायू, काढून आणलेले गाभ्याचे नमुने, नंतर तारेने सोडलेली उपकरणे आणि विंधन चालू असतानाच तळाकडून येणारे संदेश. यांपैकी शेवटच्या मार्गाला ‘विंधनकालीन मापन’ म्हणतात.

चुरा आणि संदेश यांच्या वेगात मोठा फरक असतो. छिद्रात फिरवला जाणारा विंधनद्रव (पाणी, माती व रसायने यांचे मिश्रण, कामगारांच्या बोलीत ‘मड’) चुरा घेऊन मिनिटाला सुमारे ३० ते ६० मीटर वेगाने वर चढतो असे धरले, तर ३,००० मीटर खोलीवरील चुरा पृष्ठभागी येण्यास ५० ते १०० मिनिटे लागतात. त्याच द्रवातून जाणारी दाबाची लहर सेकंदाला हजार मीटरहून अधिक अंतर कापत असल्याने ती दोन-तीन सेकंदांत वर पोचते. भेग लागली, दाब वाढला किंवा छिद्राची दिशा बदलू लागली, तर हे अंतर निर्णायक ठरते.

इतिहास

छिद्रातील मापनाचा आरंभ तारेवरील उपकरणांनी झाला. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील अल्सास प्रांतातील पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत कॉनराड व मार्सेल श्लुम्बर्जे या बंधूंच्या पद्धतीने खडकाच्या विद्युत रोधकतेची पहिली नोंद घेण्यात आली. उपकरण ठरावीक अंतराने थांबवून प्रत्येक ठिकाणचे मूल्य हाताने कागदावर मांडण्यात आले होते. या पद्धतीसाठी विंधन थांबवून सर्व नळ्या बाहेर काढाव्या लागतात. साधारण ९ मीटर लांबीच्या नळ्या धरल्यास ३ किमी खोल छिद्रात सुमारे ३३० नळ्या असतात. त्या काढणे व पुन्हा उतरवणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे.

विंधन न थांबवता माहिती मिळवण्याची गरज समुद्रातील तेलविहिरींमुळे तीव्र झाली, कारण तेथे एकाच मंचावरून अनेक विहिरी तिरप्या दिशांनी नेल्या जातात. द्रवातील दाबस्पंदांद्वारे मापन पाठवण्याची व्यापारी सेवा १९७८ मध्ये अमेरिकेतील टेलेको या कंपनीने सुरू केली. नंतरच्या दशकांत खडकाच्या गुणधर्मांचे मापनही विंधननळीतच बसवलेल्या उपकरणांनी होऊ लागले.

मोजल्या जाणाऱ्या राशी

दिशा व कल : तीन अक्षांवरील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाच्या आधारे छिद्राचा कल देतात, तर तीन अक्षांवरील चुंबकत्वमापक त्याची दिशा देतात. पोलादी नळीच्या चुंबकत्वाचा अडथळा होऊ नये म्हणून ही उपकरणे अचुंबकीय मिश्रधातूच्या नळीत ठेवतात.

गॅमा किरण : पोटॅशियम, युरेनियम व थोरियम या मूलद्रव्यांमुळे खडकातून नैसर्गिक गॅमा किरण बाहेर पडतात. बेसाल्टमध्ये त्यांचे प्रमाण कमी व ग्रॅनाइटमध्ये जास्त असते. त्यामुळे दख्खनचा बेसाल्ट संपून खालचा ग्रॅनाइटी पाया कोठे सुरू होतो, हे ठरवण्यास ही नोंद उपयोगी पडते.

रोधकता, घनता व ध्वनिवेग : अखंड कठीण खडक विजेला मोठा रोध करतो. पाणी भरलेल्या भेगांपाशी रोधकता आणि ध्वनीचा वेग दोन्ही घटतात. या नोंदी एकत्र वाचून भेगांचे पट्टे ओळखले जातात.

भिंतीचे चित्रण : फिरत्या ध्वनिस्रोताकडून येणाऱ्या प्रतिध्वनींपासून छिद्राच्या भिंतीचे संपूर्ण वर्तुळाकार चित्र तयार करता येते. खडकातील ताण विषम असेल तर भिंतीचा चुरा समोरासमोरच्या दोन बाजूंनी पडतो. उभ्या छिद्रात ही पडझड सर्वाधिक क्षितिजसमांतर ताणाच्या दिशेशी काटकोनात असते. त्यामुळे छिद्राच्या बदललेल्या आकारावरून भूकवचातील ताणाची दिशा कळते.

ताणाचे परिमाण : छिद्राचा थोडा भाग दोन फुगवता येणाऱ्या रबरी बुचांनी बंद करून त्यात पाणी दाबाने भरतात. खडकाला बारीक चीर पडते. पंप बंद केल्यावर स्थिरावणाऱ्या दाबावरून सर्वांत कमी क्षितिजसमांतर ताणाचा अंदाज येतो.

संदेशवहनाचे मार्ग

दाबस्पंद : तळाजवळील झडप द्रवाचा प्रवाह क्षणभर अडवते किंवा मोकळा करते. त्यामुळे निर्माण होणारे दाबाचे स्पंद पृष्ठभागावरील दाबमापक टिपतो आणि संगणक त्यांचे अंकांत रूपांतर करतो. ही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. तिचा वेग मात्र सामान्यतः सेकंदाला काही बिट ते काही दशक बिट इतकाच असतो. द्रवाचा अखंड स्तंभ ही तिची पूर्वअट आहे. हवा किंवा फेस वापरून विंधन केल्यास ते दाबले जात असल्याने स्पंद वाटेतच विरतात.

विद्युतचुंबकीय लहरी : अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी खडकातून पृष्ठभागापर्यंत पाठवल्या जातात. हवेने केलेल्या विंधनातही ही पद्धत चालते. विजेचे चांगले वाहक असलेल्या थरांत व मोठ्या खोलीवर संदेश क्षीण होतो.

ध्वनिलहरी : विंधननळीच्या पोलादातूनच कंपने पाठवली जातात. प्रत्येक जोडापाशी काही ऊर्जा परावर्तित होत असल्याने वाटेत पुनःप्रक्षेपक बसवावे लागतात.

तारयुक्त नळी : नळीच्या भिंतीत तार असते आणि जोडांच्या ठिकाणी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने संदेश पुढे जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्यापारी वापरात आलेल्या या प्रणालीचा वेग सेकंदाला सुमारे ५७,६०० बिट इतका आहे. प्रत्येक नळी खास बनवावी लागत असल्याने ती महाग पडते.

या वेगांचा व्यवहारातील अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. छिद्राच्या एक मीटर लांबीच्या भिंतीचे चित्र दर ५ मिमीला एक ओळ, प्रत्येक ओळीत ३६० बिंदू आणि प्रत्येक बिंदूस ८ बिट या प्रमाणात घेतले, तर ५,७६,००० बिट होतात. सेकंदाला १० बिट वेगाच्या दाबस्पंदांनी ते पाठवण्यास १६ तास लागतील, तर तारयुक्त नळीतून १० सेकंद पुरतील. म्हणून दाबस्पंदांनी फक्त तातडीची मूल्ये (दिशा, दाब, निवडक नोंदी) पाठवली जातात. सविस्तर नोंदी उपकरणाच्या स्मृतीत साठवतात किंवा विंधनानंतर तारेने घेतात.

कोयना-वारणा परिसर

कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यानंतर परिसरात भूकंपांची संख्या वाढली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरची मोठी हानी झाली. जलाशयामुळे उद्भवलेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून तो ओळखला जातो. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील चांदोली येथील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला. त्यानंतर वारणेच्या बाजूलाही भूकंप होऊ लागले. हे भूकंप साधारण ३० किमी लांब व २० किमी रुंद अशा मर्यादित क्षेत्रात आणि बहुधा १० किमीपेक्षा कमी खोलीवर होतात. विंधनाच्या आवाक्यात येणारे इतके सातत्यपूर्ण भूकंपक्षेत्र जगात विरळा आहे.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने येथे वैज्ञानिक खोल विंधनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याची जबाबदारी कराडजवळील हजारमाची येथील बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीकडे आहे. त्याआधी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने परिसरात सुमारे १,५०० मीटर खोलीपर्यंतची नऊ शोधछिद्रे घेण्यात आली. रासाटी येथील छिद्रात ९३३ मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी पाया लागला. काही छिद्रांत भूकंपमापक बसवण्यात आले. पृष्ठभागावरील वाहने, वारा व पाऊस यांचा गोंगाट तेथे पोचत नसल्याने अतिशय लहान धक्केही टिपता येतात आणि त्यांचे स्थान अधिक नेमके ठरवता येते.

गोठणे येथील पथदर्शी छिद्राचे काम डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले आणि जून २०१७ मध्ये ते सुमारे ३ किमी खोलीपर्यंत पोचले. त्यात सुमारे १,२५० मीटर जाडीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा थर लागला. त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी खडक आहे. विंधनासाठी द्रवावर चालणारी फिरती पद्धत आणि हवेच्या दाबाने चालणारा हॅमर यांचा मेळ घालण्यात आला. विंधन चालू असताना विंधनद्रवासोबत वर येणाऱ्या वायूंचे सतत विश्लेषण केले गेले, कारण भेगांच्या पट्ट्यांतून हेलियम, हायड्रोजन व मिथेन यांसारखे वायू अधिक प्रमाणात येऊ शकतात. पुढे तारेवरील उपकरणांनी नोंदी घेण्यात आल्या व दाबाने चीर पाडून खडकातील ताण मोजण्यात आला.

स्थानिक खडकामुळे येणाऱ्या अडचणी

कठीण खडकात हॅमर वेगाने खाली जातो. परंतु तो हवेवर चालत असल्याने त्या टप्प्यात दाबस्पंदांची नेहमीची वाट बंद होते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि लाव्हा थंड होतानाचे चुंबकत्व त्यात टिकून राहते. त्यामुळे चुंबकत्वमापकावर आधारित दिशा बेसाल्टमध्ये चुकू शकते आणि खात्रीसाठी घूर्णदर्शी वापरावा लागतो. खोलीबरोबर तापमानही वाढते. सामान्य विंधन-उपकरणांतील इलेक्ट्रॉनिक भाग १५० ते १७५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतील असे बनवलेले असतात. ५ ते ६ किमीच्या छिद्राची आखणी करताना ही मर्यादा विचारात घ्यावी लागते.

भूजल विंधन विहिरी

कोयनेच्या पूर्वेकडील चित्र वेगळे आहे. साताऱ्यातील माण व खटाव आणि सांगलीतील जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. येथे छिद्र घेतले जाते ते पाण्यासाठी. अशा विंधन विहिरींत (बोअर) कोणतेही दूरमापन नसते. खोली मोजायची ती किती रॉड उतरवले यावरून. खडक ओळखायचा तो भुकटीच्या रंगावरून : काळी भुकटी घट्ट बेसाल्टची, तांबडी दोन लाव्हाथरांमधील मातकट पट्ट्याची. भुकटी ओली होणे, हॅमरच्या आवाजात बदल होणे आणि रॉड झटक्याने खाली जाणे या भेग किंवा पाणी लागल्याच्या खुणा मानल्या जातात. बाहेर पडणारे पाणी इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून वाहू देऊन, त्याच्या उंचीवरून प्रवाह मोजतात.

ही निरीक्षणे अनेकदा कागदावर उतरतच नाहीत. थरांची, पाणी लागलेल्या खोलीची व आवकीची नोंद नसलेली विहीर शेजारच्या शेतकऱ्याला किंवा भूजल अभ्यासकाला काहीच सांगू शकत नाही. कोरडे गेलेले छिद्रही नोंद ठेवल्यास उपयोगाचे असते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना खोल विहीर मानून अधिसूचित क्षेत्रांत त्यांवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. म्हणजे खोलीच्या विश्वसनीय मापनाला कायदेशीर महत्त्वही आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाणीपातळी नियमित मोजते. अटल भूजल योजनेत सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश करण्यात आला. पाणीपातळीच्या स्वयंचलित नोंदीसाठी दाबसंवेदक वापरले जातात आणि त्यांच्या नोंदी मोबाइल जाळ्यातून पाठवता येतात. दूरमापनाचे हे सर्वांत साधे व स्वस्त रूप होय.

मर्यादा

छिद्रातील मापने त्या एका रेषेपुरती खरी असतात. काही मीटर अंतरावरील खडक वेगळा असू शकतो. उपकरणे दीर्घकाळ टिकवणे हाही मोठा प्रश्न आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन अँड्रियास विभंगात घेतलेल्या छिद्रामध्ये २००८ मध्ये खोलवर बसवलेली निरीक्षण उपकरणे अल्पावधीतच बंद पडली.

कोयनेतील मापनांमुळे भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगता येत नाही. विभंगाजवळील ताण, भेगांतील पाण्याचा दाब आणि तापमान यांविषयी पूर्वी केवळ अनुमाने होती. त्या जागी प्रत्यक्ष मोजलेली मूल्ये आणणे आणि जलाशयाच्या पातळीतील चढउतारांचा विभंगावर कसा परिणाम होतो हे तपासणे, हे या विंधनाचे उद्दिष्ट आहे. पाटण व शिराळा तालुक्यांतील गावांच्या दृष्टीने धोक्याचे मूल्यमापन आणि भूकंपरोधक बांधकाम यांचा आधार अशा मोजलेल्या मूल्यांनीच पक्का होऊ शकतो.

हे सुद्धा पहा

कोयना धरण
कोयनानगर भूकंप, १९६७
चांदोली धरण
दख्खनचे पठार
कूपनलिका