नोकरीचा शोध आणि परिचयपत्र

नोकरीसाठी द्यावयाच्या परिचयपत्राला आपल्याकडे सर्रास ‘बायोडाटा’ म्हणतात. मराठी घरांत हाच शब्द आणखी एका कागदाला लावला जातो, तो म्हणजे लग्न जुळविताना पाठविले जाणारे माहितीपत्रक. या दोन कागदांची सरमिसळ पुष्कळदा नकळत होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंबातला एखादा तरुण कारखान्याकडे अर्ज करतो, तेव्हा त्याच्या कागदावर वडिलांचा हुद्दा, भावंडांची संख्या, उंची, क्वचित जातसुद्धा आढळते. आणि अखेरीस ‘छंद : वाचन, संगीत’. यातील काहीच खोटे नसते. मात्र ज्याने तो कागद वाचावयाचा, त्याला त्याचा उपयोग नसतो.

परिचयपत्र म्हणजे संक्षिप्त आत्मचरित्र नव्हे. वाचणाऱ्याची गरज ओळखून, त्या गरजेपुरतीच आपली माहिती त्यात मांडावयाची असते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण 1482 च्या सुमाराचे आहे. लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मागताना जे पत्र रचले, त्यात सहज हलविता येणारे पूल, तोफा, वेढ्याची साधने, भुयारे खणण्याच्या युक्त्या यांची क्रमवार नोंद आहे. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता येतो. (आज उपलब्ध असलेला मसुदा त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही, ही गोष्ट अलाहिदा.) लुदोविकोला चिंता होती ती युद्धाची, हे लिओनार्दोने ओळखले होते.

रायपूरलगतच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. समजा, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला एक उमेदवार तेथील देखभाल विभागात जागा शोधीत आहे. ‘मी मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक आहे’ असे त्याने लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण आळशी उमेदवारही हेच लिहितो. त्याऐवजी ‘रोलिंग मिलमध्ये सहा महिने शिकाऊ उमेदवार, बेअरिंग बदलणे, वंगणाचे वेळापत्रक सांभाळणे, बंद पडलेल्या यंत्राची नोंदवही ठेवणे, रात्रपाळीची सवय’ एवढ्या ओळीने काम भागते. येथे प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न विचारता येतो. उमेदवाराला ज्याचे उत्तर देता येणार नाही, असा एकही शब्द कागदावर नसावा. अनुभव नसेल तर प्रकल्प, प्रयोगशाळेतील काम, घरच्या दुकानाचे हिशेब यांतूनही असा तपशील काढता येतो. तरुणांना तो सांगण्याजोगा वाटत नाही, इतकेच.

भाषेचा मुद्दाही रायपुरात गौण नाही. कागद इंग्रजीत वा हिंदीत जाईल. परंतु ज्या व्यापारी पेढीचा व्यवहार गोंदिया-नागपूरकडे चालतो, तिच्याकडे अर्ज करताना मराठी लिहिता-बोलता येते, ही नोंद वरच्या बाजूस हवी.

येथवर खाजगी नोकरीचा विचार झाला. सरकारी नोकरीची वाट निराळी आहे, आणि दोहोंतील भेद न कळल्याने उमेदवाराची वर्षे वाया जातात. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी 1959 मध्ये झाले. त्याच वर्षी संसदेने रिक्त जागांची सूचना रोजगार केंद्रांना देणे बंधनकारक करणारा कायदा केला. केंद्रात नाव घातले की बोलावणे येईल, अशी समजूत तेव्हापासून घरोघर रुजली. वस्तुतः त्या कायद्याने बंधन घातले होते ते सूचना देण्याचे. केंद्राने पाठविलेल्यांतूनच निवड करावी, असे त्यात म्हटलेले नव्हते. केवळ केंद्राने पाठविलेल्या नावांवर न थांबता जागांची जाहिरातही द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. आज रेल्वे, छत्तीसगढ लोकसेवा आयोग किंवा भिलाईचा कारखाना यांच्या भरतीत मुख्यतः पाहिले जाते ते ठरावीक नमुन्यातील अर्ज, प्रमाणपत्रे आणि परीक्षेतील गुण. तेथे सुरेख परिचयपत्राने काही साधत नाही. जन्मतारखेतील एका अंकाची चूक मात्र नडते.

म्हणून शोधाची आखणी दोन्ही वाटा धरून करावी लागते. जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत कित्येकदा वर्षाहून अधिक काळ जातो, आणि वयाची मर्यादा काही थांबत नाही. सकाळ परीक्षेच्या अभ्यासाला आणि आठवड्याचे दोन दिवस कारखान्यांना, अशी वाटणी बहुतेकांना झेपते. या दोन दिवसांत पन्नास ठिकाणी एकच कागद धाडण्यापेक्षा पाच ठिकाणची माहिती आधी काढावी : तेथे काय तयार होते, भरती कोण पाहतो, ओळखीचे कोणी तेथे काम करते काय. नातेवाइकांकडे नोकरी मागण्यास संकोच वाटतो; माहिती विचारण्यास तितका वाटत नाही, आणि बहुधा माहितीच अधिक उपयोगी पडते.

यासाठी साधी वही पुरते. अर्जाची तारीख, संस्थेचे नाव, कोणाची भेट झाली, काय उत्तर आले आणि पुन्हा केव्हा विचारावयाचे, एवढे रकाने आखावेत. दिलेल्या परिचयपत्राची प्रतही त्यातच ठेवावी. कारण बोलावणे दोन महिन्यांनी येते, आणि त्या कागदावर नेमके काय लिहिले होते, हे तोवर उमेदवार स्वतःच विसरलेला असतो.