मराठीत विचारलं तर चालेल?

ऑगस्टचा दुसरा आठवडा. पाऊस नुकताच थांबला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात एका जुन्या झाडाच्या पारावर पाच मुलं-मुली नकाशावर ओणवी झाली आहेत. त्यांतली एक माझी भाची. अहमदपूरची, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेऊन इथे भूगोलाच्या एम.ए.ला आली आहे. मी कामानिमित्त पुण्यात आहे, आणि ‘मामा, दुपारी जेवायलाच या’ असं तिचं बोलावणं आहे. पण जेवण बाजूलाच राहिलं आहे. उद्या प्रॅक्टिकलची वही तपासून घ्यायची आहे.

नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा आहे, ४७ एफ/१४, पुणे आणि भोवतालचा. झेरॉक्स असल्यामुळे तपकिरी रेषा काळ्या झाल्या आहेत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर तर जमिनीवरचा एक किलोमीटर. उंचीची दर वीस मीटरला एक रेषा. वेताळ टेकडीला आडवी रेघ मारून तिचा छेद काढायचा आहे.

“इथे सगळे कॉन्टूर्स एकमेकांत घुसलेत, यार,” पुण्यातलाच एक मुलगा पेन्सिल ठेवतो. इंग्रजी त्याच्या तोंडात सहज आहे. कॉलेजपासूनचे दोन मित्रही त्याच्याबरोबर इथे आले आहेत.

भाची काही बोलत नाही. वहीच्या मागच्या पानाची एक पट्टी फाडते, नकाशावरच्या रेघेला लावते, आणि जिथे जिथे रेषा ओलांडली जाते तिथे बारीक खूण करून उंचीचा आकडा लिहीत जाते. पट्टी उचलून आलेखाच्या कागदावर धरते. एकेका खुणेवर बिंदू. बिंदू जोडले जातात आणि टेकडीची कड कागदावर उभी राहते: शहराकडून चढ, वर सपाटी, पलीकडे उतार.

“हे तू आधी केलंयस?”

“हो, समोच्च रेषा. आमच्या सरांनी बालाघाटचा डोंगर काढायला लावला होता. रेषा जवळ आल्या की चढ खडा. एवढंच बघायचं.”

“मग परवा सरांनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?”

ती खोडरबर शोधू लागते.

तिची वही मी चाळतो. मागच्या पानांवर देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्द आहेत आणि काहींपुढे प्रश्नचिन्ह. रात्री खोलीवर गेल्यावर ती ते मोबाइलवर शोधते. वर्गात शंका विचारायची तर आधी वाक्य मनात इंग्रजीत जुळवावं लागतं, चूक तर नाही ना हे तपासावं लागतं, आणि तोवर स्लाइड पुढे गेलेली असते. विषय तिला येतो, हे आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आहे. पण महिनाभर ती वर्गात गप्प बसली आहे. गप्प बसणाऱ्या मुलीला काही येत नाही असा समज व्हायला महिना पुरतो. मग तो समज तिचाही होतो, आणि मला भीती त्याची वाटते.

फोन वाजतो. ताई, म्हणजे तिची आई. “हाव माय, जेवूलाले,” ती सांगते. अजून घासही पोटात गेलेला नाही. “मामा बी हायेत इथंच.” आवाज मोकळा होतो, चढतो, हसतो. फोन ठेवून ती पाराकडे वळते आणि पुन्हा शब्द तोलून बोलू लागते.

राहायला तिने कॉट बेसिसवर जागा घेतली आहे. एका खोलीत चार कॉट, एक आरसा. आठवडा निघून जातो, असं ती म्हणते. रविवारची संध्याकाळ तेवढी निघत नाही. त्या वेळी पुण्यातल्या मेस बंद असतात, खोलीतल्या स्थानिक मुली घरी गेलेल्या असतात, आणि घरून फोनवर “काय जेवलीस?” हाच प्रश्न येतो.

तीन वाजता साताऱ्याकडची मुलगी उठते. ‘कमवा व शिका’मध्ये तिचं काम असतं, तासांवर पैसे मिळतात. “चल गं, तुझं नाव पण देऊ या,” ती भाचीला म्हणते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज. हाताला काम देऊन शिकवायची त्यांची ती रीत आज राज्यभरच्या विद्यापीठांत चालते. मला त्यातले पैसे महत्त्वाचे वाटतातच, पण काम करताना ओळखी होतात, त्या जास्त वाटतात. नव्या गावात हक्काने हाक मारणारं कुणीतरी लागतं.

तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सायकल टेकवून पारावर येतो. सगळे त्याला दादा म्हणतात. तो छेद बघतो. “कुणी काढला?” चार बोटं भाचीकडे वळतात.

“मग उद्या हा सरांसमोर तू समजावून सांग.”

“मराठीत सांगितलं तर चालेल?” ती विचारते. महिन्याभरात हा प्रश्न तिने पहिल्यांदाच कुणाला विचारला आहे.

“चालतं की. मी धुळ्याचा. मला हे कळायला पहिलं सेमिस्टर गेलं.”

पुण्याचा मुलगा वही पुढे सरकवतो. “मला ती पट्टीची भानगड परत दाखव. इंग्लिश शब्द मी सांगतो, बाकी तू सांग.” ती दुसरी पट्टी फाडते. जेवणाचं मी पुन्हा काढत नाही.

शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या तासाला, अभ्यासक्रम सांगण्याआधी, वर्गाला मोठ्याने सांगा की शंका मराठीत विचारली तरी चालेल. मग निदान एक शंका मराठीत घ्या आणि तिचं उत्तर मराठीत द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनो, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. नव्या पोरांना ते पहिल्याच आठवड्यात सांगा.