शेजारच्या बाकावरची स्क्रीन

चौथीच्या वर्गात ९६ भागिले ४ हा भागाकार चालला आहे. तो करताना मुलाला एकाच वेळी डोक्यात काय काय धरून ठेवावं लागतं ते पाहा. चार दुणे आठ. नवातून आठ गेले, उरला एक. हा एक विसरायचा नाही. त्याच्याशेजारी सहा खाली घ्यायचा, सोळा झाले हे ओळखायचं, चारचा पाढा मनात म्हणत सोळापाशी थांबायचं आणि वर आधी लिहिलेल्या दोनाशेजारी चार मांडायचा. मोठ्यांना हे सवयीनं जमतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी ती तारेवरची कसरत असते. नेमक्या त्या क्षणी शेजारच्या बाकावरच्या टॅबवर एखादं रंगीत चित्र हललं, की उरलेला एक डोक्यातून निसटतो आणि मूल पुन्हा 'चार एके चार'पासून सुरुवात करतं.

तो टॅब त्या मुलाचा नव्हता, हे महत्त्वाचं. प्राथमिक शाळेत मुलांनी घरून स्वतःचा टॅब, लॅपटॉप किंवा फोन आणावा का, यावर आपण बोलतो तेव्हा प्रत्येक पालक आपल्या मुलापुरता विचार करतो. माझ्या मुलाला द्यावा का? त्याला त्यातून शिकता येईल का? तो त्यावर खेळत तर बसणार नाही ना? हे प्रश्न रास्तच आहेत. पण वर्गात आणलेली स्क्रीन फक्त आणणाऱ्याची राहत नाही. ती जितक्यांना दिसते तितक्यांची होते, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच आहे.

कॅनडातल्या फारिया साना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा यांनी २०१३ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात विद्यार्थ्यांनी लॅपटॉपवर टिपणं काढत व्याख्यान ऐकलं. त्यांतल्या काहींना मध्येमध्ये इंटरनेटवरची किरकोळ कामंही दिली होती. व्याख्यानानंतरच्या चाचणीत या दोन कामं करणाऱ्यांना सरासरी ११ टक्के गुण कमी पडले. यात नवल नाही. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या हातात कागद आणि पेन्सिल एवढंच होतं. फरक इतकाच, की काहींना समोर लॅपटॉपवर भलतंच काही करणारे लोक दिसतील अशा जागी बसवलं होतं. या प्रामाणिकपणे टिपणं काढणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के गुण मिळाले. ज्यांच्या नजरेसमोर लॅपटॉप नव्हते त्यांना ७३, म्हणजे १७ जास्त. दोन्ही प्रयोग वेगवेगळे असल्यानं ११ आणि १७ यांची थेट तुलना करू नये. पण चूक नसलेल्याचंही नुकसान होतं, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

ती महाविद्यालयातली, कळती मुलं होती. मग पाच-सहा वर्षांच्या मुलांचं काय? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे शिकवले. काही धडे भिंतींवर तक्ते, नकाशे, चित्रं आणि मुलांची कलाकुसर लावलेल्या खोलीत झाले, काही उघड्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ धड्यावर नव्हतं. साध्या खोलीत हे प्रमाण २८.४ टक्के होतं. चाचणीत बरोबर उत्तरांचं प्रमाण सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, तर साध्या खोलीत ५५ टक्के निघालं. हा निबंध २०१४ सालचा. त्यात एकही स्क्रीन नव्हती. न हलणारे, न बोलणारे कागदी तक्ते एवढं करत असतील, तर हलणारी, उजळणारी, दर मिनिटाला बदलणारी चित्रं काय करतील याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडू नयेत.

याचं कारण मुलांच्या बेशिस्तीत शोधू नये, ते डोळ्यांच्या आणि मेंदूच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी बारीक तपशील दिसतो. कडेच्या भागाला तपशील दिसत नाही, पण हालचाल मात्र चटकन टिपली जाते. बाजूला काही हललं की मान तिकडे वळते, आणि हे विचार करण्याआधीच घडतं. गवतातल्या सापापासून वाचण्यासाठी ही सोय फार उपयोगी होती. वळलेलं लक्ष पुन्हा कामावर आणण्याची जबाबदारी मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागावर असते, आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते. लक्ष खेचणारी यंत्रणा जन्मापासून तयार आणि लक्ष आवरणारी अजून घडत असलेली, अशी पहिली ते चौथीच्या मुलाची अवस्था असते. त्याला 'तिकडे बघू नकोस' असं सांगणं म्हणजे जे त्याच्या हातात नाही ते मागणं आहे.

त्यात भर पडते कार्यकारी स्मृतीच्या मर्यादेची. हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणारी ही स्मृती प्रौढांमध्येही एका वेळी साधारण चारच गोष्टी सांभाळते. लहान मुलांत ती आणखी तोकडी असते. भागाकारातला तो उरलेला एक तिथेच ठेवलेला असतो. एकदा लक्ष उडालं की तो पुसला जातो, आणि मुलाला वाटतं आपल्याला गणितच येत नाही.

मोठ्या प्रमाणावरची आकडेवारीही याच दिशेनं जाते. २०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, की गणिताच्या तासाला इतरांच्या उपकरणांमुळे तुमचं लक्ष विचलित होतं का. 'होतं' म्हणणाऱ्यांचे गणिताचे गुण, घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती लक्षात घेऊनही, १५ अंकांनी कमी निघाले. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण प्रयोगांशी तो जुळतो. भारत या फेरीत सहभागी नव्हता.

मग सरळ बंदी घालावी? फ्रान्सनं ऑगस्ट २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोन बंद केला. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांच्या अभ्यासात बंदीनंतर गुण सुधारलेले दिसले, आणि सर्वाधिक फायदा अभ्यासात मागे असलेल्यांना झाला. तसाच अभ्यास स्वीडनमध्ये केला, तेव्हा मात्र फरक दिसला नाही. तेव्हा फोन काढून घेतला की गुण आपोआप वाढतील, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय फोनबंदीनं टॅबचा प्रश्न सुटत नाही. ऑस्ट्रेलियात २००८ पासून सरकारनं नववी ते बारावीच्या मुलांना संगणक पुरवले. २०१३ मध्ये तो निधी संपला आणि अनेक शाळांनी 'आपापलं उपकरण घेऊन या' हा मार्ग धरला. पुढे ती पद्धत प्राथमिकच्या वरच्या वर्गांपर्यंत उतरली. तिथे आज अनेक मुलांच्या दप्तरातला फोन शाळेत बंद असतो आणि त्याच दप्तरातला टॅब वर्गात चालू असतो. डोळ्यांच्या कडेला दोन्ही सारखेच.

प्राथमिक वर्गांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती हाताची. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे शिकवली: काही स्वतःच्या हातानं पाहून लिहायला लावली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. मग मेंदूची प्रतिमा घेत तीच अक्षरं त्यांना दाखवली. मोठेपणी वाचताना मेंदूचे जे भाग काम करतात, ते स्वतः लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. टंकलेल्या आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळी तसा प्रतिसाद दिसला नाही.

गिरवणं कमी पडलं, हे वाचून आपल्याकडच्या अनेक शिक्षकांना आश्चर्य वाटेल. कारण संशोधकांच्या मते असं आहे, की मूल स्वतः लिहितं तेव्हा अक्षर दर वेळी वेगळं येतं. एकदा 'म' तिरका, एकदा पोट फुगलेला, एकदा शिरोरेघेपासून सुटलेला. या सगळ्या वेड्यावाकड्या रूपांतून 'म'पण नेमकं कशात आहे हे मेंदूला शिकावं लागतं. गिरवलं किंवा कळ दाबली की दर वेळी तोच साचेबंद, निर्दोष 'म' येतो आणि शिकण्यासारखं त्यात काही उरत नाही. प्रयोग रोमन अक्षरांवर झाला होता. पण 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक एखाद्या वळणावर किंवा शिरोरेघेतल्या छोट्या खंडावर अवलंबून असतो, आणि जोडाक्षरं तर त्याहून गुंतागुंतीची. देवनागरीत हाताचं महत्त्व कमी असण्याचं काहीच कारण दिसत नाही, उलट ते जास्तच असावं. दुकानात मिळणारी अक्षरओळखीची बहुतेक ॲप बोटानं गिरवून घेतात. पालकांना ते लिहिणं वाटतं. या प्रयोगाच्या हिशेबानं ते लिहिण्याची जागा घेऊ शकत नाही.

आता 'आपापलं' या अटीकडे येऊ. आपल्याकडे उपकरण कुणाचं असतं? शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. प्राथमिकच्या वयात तर घरातला फोन बहुधा वडिलांचा असतो आणि सकाळी तो त्यांच्यासोबत शेतावर किंवा कामावर जातो. टाळेबंदीच्या काळात हे घराघरांत दिसलं: तास सकाळी, फोन घरी संध्याकाळी. घरून उपकरण आणा असं शाळेनं सांगितलं, की एकाच बाकावर तीन वर्ग तयार होतात: नवा टॅब असलेला, चीर गेलेला जुना फोन घेऊन आलेला आणि शेजाऱ्याच्या स्क्रीनकडे पाहणारा. तिसऱ्याला नुकसान पूर्ण मिळतं, फायदा काहीच नाही.

प्रत्येक मुलाला सारखंच यंत्र दिलं तर? तेही करून झालं आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यातून जातो. निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैरात या पाड्यावरच्या छोट्या, एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. हिरवा-पांढरा, उन्हातही वाचता येणारा तो लॅपटॉप खास मुलांसाठी बनवलेला होता आणि मुलांना तो घरी नेता येई. हेतू निखळ होता, यंत्रही कल्पक होतं. पण पेरूमधल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत याच लॅपटॉपचं काटेकोर मूल्यमापन झालं आणि २०१२ साली निष्कर्ष आले: दर मुलामागे संगणक ०.१२ वरून १.१८ वर गेले, तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, गणित आणि भाषेत मात्र काहीच नाही. यंत्र हातात आलं, पण त्याच्याभोवती शिकवणं बदललं नव्हतं.

याच्या उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले. पुढे राज्यानं ती कल्पना आपल्या पाठ्यपुस्तकांत घेतली. यातली खुबी मला अशी वाटते, की दप्तरात पुस्तकच राहतं. कविता ऐकायची किंवा प्रयोग पाहायचा, तर संध्याकाळी आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर कोड दाखवायचा. त्या वेळी मोठं माणूस शेजारी असतं, चाळीस मुलांचा वर्ग नसतो आणि कुणाचा भागाकार मोडत नाही. संध्याकाळचाही काही भाग स्क्रीनविना राखून ठेवता येतो: सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून रोज सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात.

माझं मत असं: पाचवीपर्यंत मुलाच्या दप्तरात त्याचं स्वतःचं कुठलंही स्क्रीनवालं उपकरण नसावं. वर्गात स्क्रीन हवी तर ती शाळेची असावी, शिक्षकांच्या हातात असावी, सगळ्यांनी मिळून पाहावी आणि काम झालं की बंद व्हावी. श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला लागणारं साधन हा अपवाद, आणि तो विनाअट मान्य करायला हवा.

येत्या जूनमध्ये तुमच्या शाळेनं टॅब आणायला सांगितलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला जरूर जा आणि तीन गोष्टी विचारा. कोणत्या विषयाचा कोणता भाग टॅबशिवाय शिकवता येत नाही? ज्याच्याकडे टॅब नाही ते मूल त्या तासाला काय करणार? आणि टॅब उघडा असताना शेजारच्या मुलाला काय दिसणार? तिन्हींची नेमकी उत्तरं मिळेपर्यंत टॅब घेऊ नका, आणि तुमच्या मुलाला तो नको असला तरी शेजारच्या बाकासाठी म्हणून हे प्रश्न विचाराच.