बिरवाडी, खोडद, शोधग्राम : संशोधनाची चाळीस वर्षं

1982 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात विंचूदंशावरचं एक छोटं टिपण छापून आलं. लेखक होते डॉ. हिंमतराव बावस्कर, आणि त्यातले रुग्ण होते रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यातले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात विज्ञानाचं जे काम झालं, त्याचा मागोवा घेताना मला सुरुवात या टिपणापासूनच करावीशी वाटते. मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी या काळात पुष्कळ काम केलं, त्याची नोंदही वेळोवेळी झाली. पण जगाने उचलून धरलेली काही उत्तरं आडवाटेच्या गावांतून आली, आणि ती तिथूनच का आली हे पाहण्यासारखं आहे.

जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले आणि नागपुरात डॉक्टर झालेले बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस काही तासांत दगावायचा. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग नाडी धावायला लागायची, फुप्फुसात पाणी साठायचं आणि तोंडातून फेस यायचा. स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिनची इंजेक्शनं दिली जात, पण त्यांनी गुण येत नसे. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि कोणत्या लक्षणानंतर कोणतं लक्षण येतं, रक्तदाब कधी चढतो, हृदय कधी थकतं हे लिहीत गेले. मरण विंचवाच्या विषाने थेट येत नाही. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या रसायनांच्या वादळाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबाखाली हृदय हरतं, हे त्या नोंदींतून उलगडलं.

पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा कोकणातच परतले. रक्तवाहिन्यांचा आवळ सोडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि 1986 मध्ये त्याचे निष्कर्ष पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आले. पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात विंचूदंशाने फुप्फुसात पाणी झालेल्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस जात. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. माझ्या मते त्यांचं याहून मोठेपण पुढच्या कामात आहे. स्वतःच शोधलेल्या उपचारावर ते थांबले नाहीत. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर अधिक फायदा होतो का, याची रीतसर चाचणी त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडच्या आपल्या रुग्णालयात घेतली. दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हा निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. आपलंच उत्तर पुन्हा तपासायला घेणं ही संशोधकाची खरी कसोटी. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

बावस्कर पुण्यात शिकून परतले त्याच सुमाराला भौतिकशास्त्रातला एक विचार पुण्याजवळच्या माळावर उतरू पाहत होता. तो विचार रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचा. ते मूळचे उत्तर प्रदेशातले. 1963 मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. कल्याणला त्यांनी छोट्या तबकड्यांची पहिली रांग उभारली. मग उटीच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण आली. त्या उताराचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा म्हणजे सुमारे 11 अंशांचा असल्याने दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. लांबच्या लांब दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवून तारे तासन्‌तास पाहता येऊ लागले. भूगोलाकडूनच अभियांत्रिकीचं काम करून घ्यायची ही स्वरूपांची रीत होती.

1984 मध्ये त्यांच्या मनात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपची, म्हणजे आज आपण जीएमआरटी म्हणतो तिची, कल्पना आली. द्राक्षं, टोमॅटो आणि तमाशाच्या फडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावाजवळचं खोडद निवडलं गेलं, कारण तिथे रेडिओ गोंगाट कमी होता, डोंगरांचा आडोसा होता आणि पुणंही हाताशी होतं. अडचण पैशांची होती. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नेहमीच्या पद्धतीने, भरीव पत्र्याच्या बांधायच्या तर वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी अवाढव्य सांगाडा लागला असता. पण ज्या लहरी टिपायच्या त्यांची लांबी वीस सेंटीमीटरपासून काही मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरींना बारीक तारांची जाळीही आरशासारखीच परतवते. म्हणून ताणलेल्या पोलादी दोरांवर जाळी बसवली गेली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च आवाक्यात येतो. चौदा तबकड्या मधल्या भागात आणि सोळा तीन हातांवर पसरलेल्या, एकूण विस्तार सुमारे 25 किलोमीटरचा. तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत ऑप्टिकल फायबरने एकत्र आणून संगणकात मिळवले की जणू एकाच विराट दुर्बिणीतून चित्र तयार होतं.

2002 पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदच्या तबकड्यांनी टिपला होता. 2020 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला ‘माइलस्टोन’ म्हणून मान दिला. जून 2023 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा त्यामागच्या स्पंदक ताऱ्यांच्या (पल्सारच्या) मोजणीत खोडदची मापंही होती. स्वरूप ते पाहायला नव्हते. 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख क्वचितच होतो. विज्ञानाचं पदवी शिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली असावं, अशी योजना त्यांनी आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. गो. भिडे यांनी 1990च्या दशकात मांडली होती. 2006 मध्ये पुण्यात आणि कोलकात्यात उभ्या राहिलेल्या आयसर संस्थांमागे त्या विचाराचाही वाटा आहे.

वैद्यकाने शिकण्याजोगं आणखी एक उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1980च्या दशकात तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली; शोधग्राम हा तिचाच परिसर. 1989 मध्ये राणी बंग यांनी ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांचं प्रमाण ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि तोवर फक्त बाळंतपणापुरतं पाहणाऱ्या आरोग्ययंत्रणेला आपली नजर बदलावी लागली. 1999 मध्ये नवजात बालकांवरचा अभ्यास आला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरी काळजी घेतल्यास नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटतं, हे 39 गावांत दिसलं. तुलनेला 47 गावं होती. बाळाचे श्वास मोजण्यासाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधन त्यांनी केलं, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा. पुढे घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेण्याचं काम सरकारने आशा कार्यकर्त्यांवर सोपवलं.

या तिन्ही कामांत गरिबी, अंतर, अपुरी साधनं हे अडथळे म्हणून बाजूला सारले गेले नाहीत. तेच प्रश्नाचा भाग मानले गेले. आणि माणसं तिथे वर्षानुवर्षं राहिली. आपल्या वैद्यकीय शिक्षणात नेमकी याच गोष्टीची वाण आहे. एम.डी. होणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, पण बहुतेक विषय वेळेत पुरे होतील अशा बेताने निवडले जातात, आणि पदवी हाती आली की प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची स्थितीही फारशी वेगळी नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1969 पासून विद्यार्थ्यांना गावात नेऊन, गाव दत्तक घेऊन शिकवण्याची परंपरा आहे. ती एका महाविद्यालयापुरती का राहावी?

जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना म्हणून एवढंच सांगणं आहे : यंदाच्या विद्यार्थ्यांचे निदान दोन प्रबंधांचे किंवा प्रकल्पांचे विषय तुमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला विचारून ठरवा, निष्कर्षांचा मराठी सारांश त्याच केंद्राला पाठवा, आणि पुढच्या तुकडीला तोच प्रश्न पुढे न्यायला सांगा.