अकरा वाजताची रांग

जळकोटला रेल्वे नाही. गाडी धरायची तर उदगीर गाठावे लागते. तत्काळ तिकिटाची रांग मात्र जळकोटातही लागते, मोबाइलच्या पडद्यावर. दहाला वातानुकूलित आणि अकराला शयनयान वर्गाचे आरक्षण उघडते. प्रवाशाचे नाव, वय भरून वेडीवाकडी अक्षरे ओळखेपर्यंत प्रतीक्षायादी सुरू झालेली असते.

तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, असे रेल्वे मंत्रालयानेच जून २०२५ मध्ये सांगितले. बॉट म्हणजे माणसाच्या वतीने क्षणात अर्ज भरणारी संगणकीय आज्ञावली.

नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विकली गेली आणि लगेच अनेक पट भावाने पुन्हा बाजारात आली. तिथला दलाल आधी माल साठवतो, मग गिऱ्हाईक शोधतो. रेल्वेत तसे जमत नाही. तिकिटावर नाव असते, ओळखपत्र तपासतात. म्हणून इथला दलाल आधी गिऱ्हाईक पकडतो, त्याचे नाव भरून ठेवतो आणि अकराची वाट पाहतो. तो जागा विकत नाही, पहिले मिनिट विकतो. तिकिटावर नाव छापण्याचा जगभर सुचवला जाणारा उपाय इथे लंगडा पडतो तो यामुळेच.

मग रेल्वेने खात्यांकडे मोर्चा वळवला. सुमारे अडीच कोटी खाती बंद झाली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली. अधिकृत एजंटांना पहिली तीस मिनिटे मज्जाव झाला. त्याआधी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कायद्याचे कलम १४३ ई-तिकिटांच्या अनधिकृत धंद्यालाही लागू होते, असा निर्वाळा दिला होता. दिशा योग्यच आहे. पूर्वी हजार खाती उघडायला काहीच लागत नव्हते, आता प्रत्येक खात्यामागे एक माणूस लागतो. पण आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला मजूरही या चाळणीत अडकतो, हे दिल्लीत बसून दिसत नाही.

शिवाय शर्यत शर्यतच राहिली. जोवर पहिल्या मिनिटाला किंमत आहे, तोवर ते विकणारा निघणारच. म्हाडाच्या घरांसाठी कोणी मध्यरात्री बॉट लावून बसत नाही, कारण तिथे सोडत असते. पहिला अर्ज आणि शेवटचा अर्ज सारखाच. जपानमध्ये निन्टेन्डोने २०२५ मध्ये नवे खेळयंत्र आपल्या दुकानातून असेच सोडतीने विकले, वर जुन्या यंत्रावर किमान पन्नास तास खेळल्याची अटही घातली. नुसते खाते उघडून बसलेल्या दलालाकडे ते तास कुठून येणार?

तत्काळलाही दहा मिनिटे अर्ज घ्यावेत, एका आधारवर एकच, कुटुंबाचा अर्ज एकत्र, आणि मग सोडत काढावी. पैशाची अडचण कोणी काढेल. तिचेही उत्तर आपल्याकडे आहे: नव्या समभागांसाठी अर्ज करताना रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवतात आणि वाटप झाले तरच कापतात.